डिप्रेशन, बी-१२ आणि ताट : 'फंक्शनल न्यूट्रिशन' कोणी घेतलंय का?

रेवाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

विषय माझ्या धाकट्या नणंदेचा. वय ३४, पुण्यात आयटीत. गेल्या वर्षी डिप्रेशनचं निदान झालं. मानसोपचारतज्ज्ञांची औषधं चालू आहेत, समुपदेशनही झालं. रडणं थांबलंय, कामावर जाते. पण थकवा काही जात नाही. केस गळतात, जिना चढली की धाप लागते, रविवार अख्खा अंथरुणात. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, सकस खा आणि फिरायला जा. सकस म्हणजे नक्की काय हे विचारेपर्यंत पुढच्या पेशंटला हाक गेली होती.

आता मैत्रिणीने तिला एक फंक्शनल न्यूट्रिशन कोच सुचवल्यात. बाई व्हिडिओ कॉलवर तासभर बोलल्या, लहानपणापासूनचं सगळं विचारलं. हे मला आवडलं. पण पॅकेज तीन महिन्यांचं आणि भरभक्कम पाच आकडी. त्यात रक्ताच्या ढीगभर तपासण्या, केसांची तपासणी, कुठला पदार्थ सोसत नाही त्याचं वेगळं पॅनेल आणि बाटल्याच बाटल्या सप्लिमेंट. गहू, दूध, साखर बंद. त्यांचं म्हणणं, गोळ्या फक्त लक्षणं दाबतात, आपण मुळाशी जायचं. मूडशी जोडलं जाणारं सेरोटोनिन हे रसायन नव्वद टक्के आतड्यात बनतं, म्हणजे आधी आतडं सुधारा. आणि जाता जाता, "तीन महिन्यांत गोळ्या सुटतील."

नणंद खूश आहे, सासूबाई त्याहून खूश. मला ते शेवटचं वाक्य खटकलंय. खाण्याचा आणि मनाच्या आजाराचा खराच किती संबंध आहे? कुठल्या तपासण्या कराव्यात, कुठल्या सोडाव्यात? आणि दोन्ही बाजू एकत्र बघणारं कोणी असतं का? अनुभव असेल तर लिहा.

खादाडखाऊ

मिसळ बंद करायला सांगितली की मला तत्काळ डिप्रेशन येतं. संबंध सिद्ध.

सुलभा_मिरज

खादाडखाऊ, गप रे.

रेवा, आमच्याकडचं सांगते. ह्यांना रिटायर झाल्यावर वर्षभरात काहीतरी झालं. चिडचिड, मग एकदम गप्प. पेपर वाचायचे पण विचारलं तर आठवायचं नाही. सगळे म्हणाले, बँकेत रुबाबात राहिलेला माणूस, घरी बसवत नाहीये. मलाही ते पटलं होतं. पाय जड पडतात, तळव्यांना मुंग्या येतात, हे ते मधूनमधून सांगायचे, पण ते साखरेच्या खात्यात जमा व्हायचं.

मुलीने मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या बाईंनी पहिल्याच भेटीत औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. साखरेसाठी मेटफॉर्मिन कित्येक वर्षं, वर रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी, आणि आम्ही शाकाहारी. म्हणाल्या, ह्या तिन्हींनी बी-१२ कमी होऊ शकतं, आधी ते बघू. आलं ते इतकं खाली की लॅबवाल्याने फोन केला. इंजेक्शनं सुरू झाली. मूड दोन-तीन महिन्यांत बराच सुधारला, नातवाशी भांडण्याइतका. विसरभोळेपणा कमी झाला. तळव्यांच्या मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत, नसांना उशीर झाला होता म्हणे. आणि एक सांगते, मनाची गोळीही त्यांनी बरोबरीने दिली होती. कशाने किती फरक पडला हे मला सांगता यायचं नाही.

बाराखडी

सुलभाताईंचा अनुभव महत्त्वाचा आहे, पण त्यातून 'डिप्रेशन म्हणजे बी-१२ची कमतरता' असा फॉरवर्ड तयार व्हायला वेळ लागणार नाही, म्हणून दोन गोष्टी.

'फंक्शनल मेडिसिन' हा ब्रँड अमेरिकेतला. जेफ्री ब्लँड नावाच्या जैवरसायनतज्ज्ञाने १९९१ मध्ये त्याची संस्था काढली. माणसाकडे समग्र बघा, खाणं-झोप-ताण विचारा, ह्यात वावगं काही नाही. चांगला फॅमिली डॉक्टर हेच करायचा. अडचण पुढे आहे. ज्यांचा अर्थ कोणालाच नीट लावता येत नाही अशा तपासण्यांचा ढीग, आणि प्रत्येक लाल आकड्यासाठी एक बाटली. पदार्थांच्या 'सेन्सिटिव्हिटी'साठी जे आयजीजी पॅनेल (रक्तातल्या आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांची तपासणी) करतात त्याची शिफारस ॲलर्जीतज्ज्ञांच्या मोठ्या संघटना करत नाहीत. तुम्ही जे नेहमी खाता त्याची प्रतिपिंडं रक्तात असणारच. म्हणजे पोळी खाणाऱ्याला गहू 'पॉझिटिव्ह' येणार. मग गहू बंद!

सेरोटोनिनचं वाक्य अर्धं खरं. बहुतेक सेरोटोनिन आतड्यात बनतं हे बरोबर, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू आपलं आपण बनवतो. ही पुढची ओळ कुठल्याच रीलमध्ये नसते.

अवलिया७१

आले आमचे बाराखडी. सगळ्यात खोट काढायची.

मी घेतलाय असा प्रोग्रॅम. मला डिप्रेशन नव्हतं, अँग्झायटी होती. छातीत धडधड, रात्री तीनला जाग, पोट कायम बिघडलेलं. तीन डॉक्टर झाले, सगळ्या तपासण्या नॉर्मल, "टेन्शन घेऊ नका." टेन्शन घेऊ नका हे काय औषध आहे का? कोचने पहिल्यांदा माझा अख्खा दिवस लिहून घेतला. त्यात निघालं की सकाळी सहा ते रात्री दहा माझे आठ चहा होतात, दुपारचं जेवण चारला आणि रात्रीचं अकराला. चहा दोनवर आला, जेवण साडेसातला, झोप लागायला लागली, धडधड गेली. आता ह्यात तुमच्या अमेरिकन संस्थेचा काय दोष काढायचा तो काढा. माझं ऐकून घेणारं माणूस मला पैसे देऊन मिळालं, एवढं मला कळतं.

बाराखडी

@अवलिया, दोष कशाला काढू? हे उत्तमच झालं. कॅफिनने धडधड वाढते, झोप मोडते, आणि झोप मोडली की अँग्झायटी वाढते, हे पाठ्यपुस्तकातलं आहे. माझा मुद्दा इतकाच, तुम्हाला गुण आला तो चहाच्या आकड्याने आणि जेवणाच्या वेळेने. केसांच्या तपासणीने नव्हे. ऐकून घेण्याबद्दल मात्र पूर्ण सहमत. तिथे आपली व्यवस्था नापास आहे.

कोकणी_बांगडा

आठ चहा?? अहो, आमच्याकडे शिमग्यातही एवढे होत नाहीत.

बाकी ओमेगा-३ हवं असेल तर तारली खा. बाटलीतून कशाला.

पक्का_शाकाहारी

जवसाची चटणी खा. मासे मारायची गरज नाही. आणि बी-१२ साठी स्पिरुलिना, ते शेवाळाचं हिरवं चूर्ण, आहे. आपल्या पूर्वजांना कुठे बी-१२ची इंजेक्शनं लागत होती?

थाळीभर

मी कोल्हापूरला एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे, म्हणून मध्ये पडते. जवस चांगलंच आहे, पण त्यातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं. शरीर त्याचं माशातल्यासारखं रूपांतर फार थोडं करतं. स्पिरुलिनातलं बी-१२ बहुतांशी आपल्याला न वापरता येणाऱ्या रूपात असतं, उलट रक्ताच्या तपासणीत गोंधळ होऊ शकतो. शाकाहारी माणसाला खात्रीचं बी-१२ दूध, दही, ताक, पनीर ह्यांतून, आणि कमी पडलं तर गोळी. गोळी घेतल्याने कोणाचा धर्म बुडत नाही, ते बी-१२ जिवाणूंकडूनच बनवून घेतात.

पूर्वजांची तपासणी कोणी केली नव्हती म्हणून ते ठीक होते असं नाही. पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय. २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दोन तृतीयांश लोकांचं बी-१२ कमी निघालं, आणि सगळ्यात जास्त कमी कोणाचं? शहरी मध्यमवर्गाचं. म्हणजे तुम्हा-आम्हा पेपरवाचकांचं.

पक्का_शाकाहारी

म्हणजे दूध चालेल ना? मग वाद नाही. पण कोचबाईंनी नेमकं दूधच बंद केलंय की.

थाळीभर

तेच तर मी म्हणतेय! रेवाताई, नणंद शाकाहारी असेल आणि दूधही बंद केलं, तर उरलं काय? पुन्हा बाटली.

रेवाकाठ

ती अंडी खाते, मासे-मटण नाही. आणि हो, दूध बंद होऊन पंधरवडा झालाय. पॅकेजच्या आधीच 'ट्रायल' म्हणून.

भाकरतुकडा

लातूरकडचा, फूड सायन्स शिकवायचो, आता निवृत्त. खाण्याने वेड लागतं का, ह्याचं इतिहासातलं सगळ्यात ठसठशीत उत्तर 'हो' आहे, आणि ते आपल्या ज्वारीपर्यंत येतं, म्हणून थोडं लांबण.

पेलाग्रा नावाचा रोग. अंगावर उन्हाच्या जागी काळे चट्टे, जुलाब, आणि मन बिघडणं : उदासी, भ्रम, शेवटी स्मृतिभ्रंश. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडची वेड्यांची इस्पितळं अशा रुग्णांनी भरली होती. सगळे समजायचे संसर्ग आहे. जोसेफ गोल्डबर्गर ह्या डॉक्टरने १९१४ नंतर दाखवून दिलं की हा मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा रोग आहे. इस्पितळातल्या रोग्यांना दूध, अंडी, मांस, डाळी दिल्या की रोग हटे. मग १९३७ मध्ये नेमकं काय कमी पडतं ते सापडलं : निकोटिनिक ॲसिड, म्हणजे नायसिन, बी-३ जीवनसत्त्व.

आता आपल्याकडे. दख्खनच्या पठारावर मका न खाणाऱ्या, ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांतही पेलाग्रा दिसायचा. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया ह्यांनी १९६० मध्ये मांडलं की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते नायसिनच्या घडणीत आडवं येतं. तो सिद्धांत पुढे वादात राहिला. पण नुसती भाकरी-मिरची आणि सोबत ना डाळ ना दूध, हे घातक होतं ह्यात वाद नव्हता. म्हणून 'भरडधान्य खा, मन प्रसन्न' असलं काही वाचलं की मला हसू येतं. भाकरी चांगलीच, पण तिच्याबरोबर काय आहे ते विचारा. भाकरी-पिठलं खाणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी.

वऱ्हाडी_ठसका

काय सांगता सर! पिठल्याला आता औषधाचा दर्जा द्या म्हंतो मी. वर तेलाची धार पायजे, बाप्पा.

खादाडखाऊ

+१. पिठलं रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर.

निळावंती

हा धागा वाचून लिहायचं की नाही ह्यावर बराच विचार केला. इथे मला नावाने कोणी ओळखत नाही, म्हणून लिहिते.

मला बायपोलर आहे, म्हणजे मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार. लिथियम ह्या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावर आहे, व्यवस्थित आहे, नोकरी करते. मध्यंतरी वजन वाढलं म्हणून एका ऑनलाइन वेलनेस प्रोग्रॅमला नाव घातलं. फॉर्ममध्ये औषध लिहिलं होतं. त्यांनी 'डिटॉक्स'च्या नावाखाली मीठ जवळजवळ बंद केलं, दिवसभर हिरवे रस, आणि घाम गाळायचा व्यायाम. सुरुवातीला वजन उतरलं, मी खूश. मग हात थरथरायला लागले, पेला धरता येईना. उलट्या, जुलाब. कोच म्हणाली, विषारी द्रव्यं बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे. चालताना भिंत धरावी लागली तेव्हा भावाने थेट रुग्णालयात नेलं. लिथियमची पातळी खूप वर गेली होती.

मीठ आणि पाणी कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात, हे मला माझ्या डॉक्टरांनी आधी सांगितलेलं होतं. पण समोर प्रमाणपत्राच्या फ्रेमा लावून बसलेली बाई सांगतेय म्हटल्यावर वाटलं, तिला माहीत असणारच. तिला ते नावच ऐकून माहीत नव्हतं.

रेवाताई, आहार बदलायला ना नाही. पण जो कोणी बदलेल त्याला नणंदेच्या गोळ्यांची नावं पाठ असली पाहिजेत.

सुलभा_मिरज

निळावंती बाळा, लिहिलंस हे फार चांगलं केलंस. आता बरी आहेस ना?

निळावंती

हो ताई, एकदम. लोणचंही खाते.

मनोविकारवाला

जिल्ह्याच्या गावात मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो. वर 'पुढच्या पेशंटला हाक गेली' वाचलं, ते माझ्याच ओपीडीचं वर्णन वाटलं, त्यामुळे जरा टोचलंच. तरीही.

निळावंतींनी सांगितलेला मुद्दा धाग्याच्या वर चिकटवून ठेवावा असा आहे. त्यात भर : लिथियमवर असताना दुखण्याच्या गोळ्याही, आयबुप्रोफेनसारख्या, मनाने घेऊ नयेत. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर 'नैसर्गिक' म्हणून सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी घेतली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. केसांसाठी मोठ्या मात्रेत बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) घेणाऱ्यांचे थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. हे शेवटचं रेवाताईंसाठी मुद्दाम लिहितोय, केस गळतायत म्हणालात म्हणून. चालू असेल तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा.

तपासण्या. थकवा, केस गळणं, धाप, मूड : ३४ वर्षांच्या बाईसाठी मी हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तगणना, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि साखर करून घेईन. बास. हे कुठल्याही लॅबमध्ये होतं आणि प्रत्येकाचं पुढे काय करायचं ते ठरलेलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. म्हणजे समोर दोन बायका बसल्या तर एकीला असणार असं धरून चालायचं. आणि पाळी जास्त जाते का, हे विचारायला ना कोच तयार, ना आम्ही. दुसरं, सप्लिमेंट सुरू करण्याआधी रक्त द्या. इंजेक्शन घेऊन बी-१२ मोजण्यात अर्थ नाही.

आता आहाराने डिप्रेशन बरं होतं का? ऑस्ट्रेलियात फेलिस जाका ह्यांच्या गटाने प्रयोग केला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, 'स्माइल्स' नावाने ओळखतात. मध्यम ते तीव्र डिप्रेशन आणि खाणं यथातथा असलेले ६७ लोक. अर्ध्यांना आहारतज्ज्ञाकडे बारा आठवडे बैठका, अर्ध्यांना तेवढाच वेळ नुसत्या गप्पांची सोबत. आहारवाल्यांपैकी ३२ टक्के लक्षणमुक्त झाले, गप्पावाल्यांपैकी ८ टक्के. लक्षात घ्या, बहुतेकांचे उपचार चालूच होते. औषध सोडून आहार असा तो प्रयोग नव्हता. आणि दिलं काय? कडधान्यं, भाज्या, फळं, अख्खी धान्यं, सुका मेवा, मासे, ऑलिव्ह तेल. बाटली एकही नाही.

बाराखडी

डॉक्टर, धन्यवाद. पण त्यातली खोट मी काढणारच, अवलियांना वचन दिल्यासारखं आहे. लोक कमी, आणि कोण कुठल्या गटात हे भाग घेणाऱ्यांना माहीत होतं. आहार लपवता येत नाही. त्यामुळे ३२ विरुद्ध ८ हा फरक पूर्ण आहाराचाच असं मी म्हणणार नाही. मोठे प्रयोग झालेत ते सप्लिमेंटच्या गोळ्यांचे, आणि त्यांचा निकाल थंड आहे. युरोपात 'मूडफूड' नावाच्या प्रयोगात हजारावर लोकांना वर्षभर ओमेगा-३, फॉलिक ॲसिड, डी, सेलेनियम असं मिश्रण दिलं, डिप्रेशन टळलं नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८ हजारांवर लोकांना पाच वर्षं रोज डी दिलं, २०२० मध्ये निकाल आला, डिप्रेशनमध्ये फरक शून्य.

मनोविकारवाला

मान्य. म्हणूनच मी म्हणतो, कमी असेल ते भरून काढा, कमी नसताना ओतू नका. डी ची ६० हजार युनिटची सॅशे लोक आठवड्याला एक ऐवजी रोज घेऊन येतात, कॅल्शियम चढतं, मग बद्धकोष्ठ, उलट्या आणि गोंधळलेलं डोकं. तेव्हा मला दाखवायला आणतात, मनाचं काहीतरी झालंय म्हणून!

जर्सीची_जाई

इथे अमेरिकेत ह्याचं पेव फुटलंय. माझ्या ऑफिसातल्या निम्म्या देसी बायकांचे फंक्शनल डॉक्टर आहेत. इन्शुरन्स बहुतेक वेळा पैसे देत नाही, खिशातून जातात, आणि सप्लिमेंट त्यांच्याच वेबसाइटवरून घ्यायची. जो तपासतो तोच विकतो, इथेच माझा विश्वास संपला.

अवलिया७१

जाई, आमच्या कोचने काही विकलं नाही हो. सगळे सारखे नसतात.

थाळीभर

अवलिया बरोबर आहेत, सगळे सारखे नसतात, आमच्यातले पदवीधरही सगळे चांगले नसतात. पण विचारायला काय हरकत? शिक्षण कुठलं, किती वर्षांचं, औषधांची यादी मागितली का, डॉक्टरांशी बोलायची तयारी आहे का. तयारी नसेल तर पुढचं विचारूच नका.

मला खरं दुसरंच लिहायचं होतं. वर सगळे 'काय खावं' वर आहेत. माझ्याकडे येणाऱ्या डिप्रेशनच्या पेशंटना काय खावं हे माहीत असतं. त्यांना उठून कुकर लावता येत नाही. भाजी निवडणं हा डोंगर असतो. त्यांच्या हातात मी सात दिवसांचा रंगीत तक्ता दिला तर तो आणखी एक न जमलेली गोष्ट होऊन फ्रिजवर चिकटतो. म्हणून मी आधी विचारते, घरात स्वयंपाक कोण करतं, किती वाजता, आणि तुम्ही उरलेलं खाता का. बायकांचं उत्तर ऐका एकदा. सगळ्यांचं झाल्यावर, जे उरेल ते, वर उपास. साबुदाण्यावर दिवस काढायचा आणि संध्याकाळी डोकं का दुखतं म्हणून विचारायचं.

कमी खाण्याने मन बिघडतं हे तर १९४४-४५ मध्येच दाखवलंय. मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज ह्यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. उदासी, चिडचिड, एकलकोंडेपणा, रात्रंदिवस खाण्याचाच विचार. ठणठणीत पोरं होती ती. त्यामुळे डिप्रेशनच्या माणसाला आधी यादीतून पदार्थ काढायचे नसतात, घालायचे असतात. दोन वेळचं वेळेवर, प्रत्येक वेळी डाळ, अंडं किंवा दही ह्यातलं काहीतरी. चहा जेवणापासून तासभर लांब, कारण तो लोह अडवतो. जेवणावर लिंबू पिळा. एवढं जमलं की मग पुढचं.

काही औषधांनी भूक सुटतेही, ओलान्झापिन, मिर्टाझापिन वगैरे. तिथे उलटी लढाई. तेव्हाही उपाशी ठेवायचं नसतं, हाताशी काय ठेवायचं ते बदलायचं असतं.

कोकणी_बांगडा

थाळीभर, उपासाला तारली चालते का?

संपादक मंडळ

विषयाला धरून राहावं, ही विनंती. शाकाहार-मांसाहार वादाचे चार प्रतिसाद उडवले आहेत. कोणाला जीव नकोसा वाटत असेल तर धाग्यावर उत्तराची वाट पाहू नका. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

अर्धवट_रिकामी

मी ती नणंद.

वहिनीने लिंक पाठवली. आधी राग आला, मग सगळं वाचलं. वहिनी, पुढच्या वेळी आधी विचार. पण ठीक आहे.

मला त्या कोचकडे का जायचंय ते कोणी विचारलं नाही, तर सांगते. गोळ्या सुटतील म्हणून नाही. मला माहितेय त्या इतक्यात सुटणार नाहीत. तिने विचारलं, तुला काय आवडतं खायला? वर्षभरात हे कोणी विचारलं नव्हतं. घरी आले की सगळे माझे घास मोजतात. पोळी का सोडलीस, भात जास्त झाला, बदाम भिजवलेत ते खा. प्रत्येक जेवणाची परीक्षा झालीय. दूध-गहू बंद केल्यावर तर आई लेबलं वाचत बसते आणि मी बिस्किट लपवून खाते. ३४ व्या वर्षी.

तपासण्या वर डॉक्टरांनी लिहिल्यात तेवढ्या शनिवारी करून घेते. पाळी खूप जाते हे खरंय, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायोटिन घेतेय, तेही खरंय.

रेवाकाठ

सॉरी गं. फोन करते.

मनोविकारवाला

बायोटिन बंद करून मग रक्त द्या. किती दिवस आधी बंद करायचं ते तुमच्या मात्रेवर आहे, लॅबला विचारा. पाळीचं मात्र मानसोपचारतज्ज्ञांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना, दोघांनाही सांगा. लोहाच्या गोळ्या वरून ओतायच्या आणि खालून गळती चालू, ह्याला अर्थ नाही.

आणि घास मोजण्याबद्दल : पुढच्या भेटीत घरच्यांपैकी एकाला बरोबर आणा आणि हे वाक्य जसंच्या तसं माझ्या त्या व्यवसायबंधूंसमोर बोला. पाच मिनिटांत बसतं.

अवलिया७१

बघा, मी म्हणत होतो. माणूस ऐकून घेणाऱ्याकडे जातो.

बाराखडी

ह्यावेळी खोट नाही.

थाळीभर

अर्धवट_रिकामी, मग मीही विचारते. काय आवडतं?

अर्धवट_रिकामी

मसालेभात. आणि आजीचे भोपळ्याचे घारगे. पण रूमवर मी एकटी, ऑफिसातून यायला नऊ वाजतात, गॅस पेटवायचं जिवावर येतं. ऑफिसात मायक्रोवेव्ह आहे. अंडी चालतात, पण उकडून नाही, वास सहन होत नाही.

थाळीभर

मसालेभातात मटकी किंवा मटार आणि वरून शेंगदाणे, रविवारी जमलं तर दोन डबे करून फ्रीझरमध्ये, नाही जमलं तर पोळीभाजीवाल्या काकूंना सांगा. संध्याकाळी सहाला ऑफिसातच गरम करून खाऊन घ्या, सोबत दह्याची वाटी. नऊला घरी आल्यावर फक्त दूध किंवा फळ, गॅस पेटवायचाच नाही. अंडं कपात फेटून कांदा-कोथिंबीर घालून मायक्रोवेव्हला दीड मिनिट, उकडल्याचा वास येत नाही. सकाळी सातूचं पीठ ताकात. दूध-गहू बंद करायला तुमचा काही खास आजार नसेल तर कशाला? डॉक्टरांना विचारा आणि सुरू करा. घारगे आठवड्यातून एकदा, गूळ घालून, लपवून नाही.

सुलभा_मिरज

भोपळा लाल घे हो, डांगर. आणि पीठ भोपळा-गुळाच्या रसातच भिजव, पाणी घालू नकोस.

वऱ्हाडी_ठसका

आमच्याकडे त्याला थोडी खसखस लावतात वरून. भारी लागते.

खादाडखाऊ

पाककृती विभागात वेगळा धागा काढा राव, फोटोसकट. इथे संपादक उडवतील.